दहा अक्षरांची जागा

यंत्र जुनं आहे, पिवळं, एका कोपऱ्यात चेपलेलं.
मेढ्याच्या रणधीर शेडग्यांकडून बाराशेला घेतलं,
सेल वेगळे.
नावाला दहाच अक्षरं देतं, तीही इंग्रजी, तीही मोठी.
देवनागरी दाखवली की चौकोन चौकोन काढतं,
पहिलीतल्या पोरासारखं.

मी सातारा टपालात सॉर्टिंगला होते, सव्वीस वर्षं.
पत्ता किती कापला तरी पोचतो, हे मला कळतं.
"गुरुजी, लिंब, विहिरीपाशी"
एवढ्यावरसुद्धा पाकीट गेलंय,
गुरुजी वारले होते तरी.

पण हे डबे लपवणारे लोक
प्रत्येक डब्याला कोड देतात
आणि प्रत्येक कोड जीसीनेच सुरू होतो.
यादी उघडावी तर जीसी, जीसी, जीसी,
एकाच आडनावाची अख्खी आळी
आणि दारावर कुणाचंच नाव नाही.

मागच्या रविवारी पाच डबे सापडले.
एक चार भिंतींच्या खाली, एक माहुलीला दगडाआड,
बाकीचे कुठे ते तेव्हा नक्की माहीत होतं.
रात्री नोंद करायला बसलो
तर कुठल्या डब्यात चिंचोके होते
आणि कुठल्यातली वही भिजलेली,
मी म्हणे लिंब, मुबीना म्हणे माहुली.
मुबीना शिकलगार, शेजारच्या खिडकीची, मनीऑर्डरवाली.
रुपयाचा हिशेब कधी चुकली नाही,
इथे गुडघा कुठे खरचटला तेही सांगता येईना.
शेवटी भिजल्या वहीची तक्रार
कोरड्या वहीच्या मालकाला गेली.
त्याचं उत्तर आलं, फार सभ्य.
दोन दिवस तोंड कडू.

म्हणून आज दुपारी नावं कापायला बसले.
आधी जीसी उडवलं. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही.
पुढची चार अक्षरं ठेवली, नोंदीला तीच लागतात.
मग डब्याचं माप, एक अक्षर.
मग चढ, एक ते पाच,
त्यात मुबीनाच्या गुडघ्यांसाठी मी एक वाढवते,
तिला सांगत नाही.
उरली चार. त्यात खूण.
वड तीनात बसतो, एक जागा उरतेसुद्धा.
उंबराचा र बाहेर राहतो.
राहू दे, झाड तर ओळखू येतं.

यंत्रात जागा पाचशेची
आणि शेडग्यांच्या एकशे अठरा खुणा आतच राहिलेल्या.
पाणी. पाणी दोन. सावली. कुत्रं.
बस पाच चाळीस.
कुणाच्या तरी कपाटातले खण रिकामे करावेत
तशा पुसत गेले, थोडं घाईनं.
एकीपाशी थांबले.
एन, ए, के, ओ.
नको.
बाकी काही नाही.

मुबीनाने स्कूटर काढलीच.
यवतेश्वरचा घाट, वळणानंतर डावीकडे,
बाण म्हणाला नऊ मीटर, सहा मीटर,
आणि ती माझी ओढणी धरून पुटपुटली, वर बघ.
कड्याच्या पोटाला आग्या मोहोळ,
म्हशीच्या पाठीएवढं, काळं,
अंगावर शहारे सरकावेत तसं हलत होतं.
आम्ही उलट्या पावली निघालो,
दोन साठीच्या बायका,
घाटातली माकडं बघत होती.

रात्री शेडग्यांना फोन लावला.
म्हटलं, नाव झकास ठेवलंत,
चार अक्षरांत सगळं आलं, सहा शिल्लक.
ते हसले.
मग म्हणाले, बाकीच्या दोन बघितल्या का?
तेव्हा कंटाळा आला म्हणून नुसतं
एन टू, एन थ्री लिहिलं होतं.

मी काही बोलले नाही.
दुपारीच पुसल्या होत्या,
अर्थ लागेना म्हणून.

कुठे होत्या त्या, शेडगे?

आता काय आठवतंय, ते म्हणाले,
यंत्रात होतं ना.